चव दाखवते गं

प्रिय ताई,

वकिलांकडून पाठवलेला तुझा निरोप मिळाला. परवा माझी साक्ष आहे. उत्तर त्यांच्या हाती द्यायचं नव्हतं, म्हणून स्वतःच लिहायला बसले. आमचं चाललंय. हे पुन्हा कामावर जायला लागलेत. स्वयंपाक मात्र माझ्या हातून बिघडतो. मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. पूर्वी एवढ्यावरून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता निमूट जेवतात, आणि मला त्याचीच भीती वाटते.

बाबांच्या खानावळीत आपण दोघी सारख्या लुडबुडायचो, आठवतं? बाबा पळीतला थेंब तळहातावर टाकायचे आणि आपण तो चाटून मोठ्या परीक्षकांच्या थाटात मान डोलवायचो. एकदा मी रस्सा अळणी म्हटलं, तू खारट म्हटलंस, बाबांनी माझी बाजू घेतली, तर तू आठवडाभर फुगून बसलीस. चव दाखवते म्हटलं की हात पुढे करायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. आपल्या पोरींना, तुझ्या लंबूला आणि माझ्या टिंगीला, आपण तेच शिकवलं. माझी लेक तर न्हाणीघरातून ओल्या पायांनी धावत यायची. अजूनही मी पळी उचलली की पाठीमागे ओले पाय वाजतात. मी वळत नाही. वळलं की आवाज थांबतो.

टिंगी तुझ्याकडे राहायला आली होती. त्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाचा झगा शिवत होते, दातांत टाचण्या होत्या. तू म्हणालीस, आज पोरींना चव दाखवते गं, मोठ्या झाल्या आता. मी टाचण्यांमधूनच म्हटलं, दाखव की. तुझ्याकडे जेवणाची मोठी ऑर्डर होती, मला वाटलं रस्सा. तुला वाटलं, मला कळलं. बाहेर चोरून दारू पिण्यापेक्षा घरात आपल्या डोळ्यांदेखत घोटभर घेऊ दे, म्हणजे हाव राहत नाही, असं तू पूर्वी बोलली होतीस खरी. मी ते हसण्यावारी नेलं होतं. तू एकेक घोटच दिलास, हे मी मानते. मग तू जेवण पोचवायला गेलीस आणि बाटली ओट्यावरच, पोरींच्या हाताशी राहिली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. परत आलीस तर दोघी आडव्या. तू पंखा हळू केलास, टिंगीच्या अंगावर तुझी शाल घातलीस आणि झोपमोड नको म्हणून दार अलगद ओढून घेतलंस. ती पुन्हा उठलीच नाही. ती शाल माझ्याकडे आहे, ताई. तिला तुझ्या स्वयंपाकघराचा वास येतो. मला तुझा भयंकर राग येतो, आणि त्या शालीशिवाय झोप लागत नाही.

वकील म्हणतात, आईची परवानगी होती असं मी सांगितलं तर तुझी शिक्षा कमी होईल. मी विचारलं, मग तो गुन्हाच राहणार नाही का? म्हणाले, गुन्हा आहेच. या वयाच्या पोरीला दारू द्यायला आईसुद्धा हो म्हणू शकत नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. जो होकार मुळात माझा नव्हताच, तो मी देऊन टाकला असं कसं सांगू? तुझ्या जबाबात चव म्हणून दिली असं आहे, आणि पोलिसांना तो बनाव वाटतो. त्या अख्ख्या कोर्टात तू खरं बोलतेयस हे मला एकटीला माहीत असणार.

म्हणून आधीच कळवते. परवानगी दिली होती असं मी म्हणणार नाही. तू फोनवर काय म्हणालीस, मी काय म्हटलं, आणि आपल्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होता, एवढं सांगेन. त्यानं तू सुटशील असं वाटत नाही. पण मी साक्ष देत असताना माझ्याकडे बघ, मान खाली घालू नकोस. तू आत असेपर्यंत लंबू माझ्याकडे राहील. काल आली होती. मी पातेलं ढवळत होते, ती शेजारी येऊन उभी राहिली आणि सवयीनं हात पुढे केला. मी थेंब टाकला. तिनं तो चाटला नाही, नुसती बघत राहिली. तेवढ्यात पाठीमागे ओले पाय वाजले. मी नेहमीसारखी वळले नाही. लंबू वळली.

तुझीच,
धाकटी