सत्यनारायणाची गॅरंटी

विकास नगर, लखनौ
२० सप्टेंबर १९९५

ती. सुलभाताईस चंद्रहासचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींचा रक्तदाब आणि शेजाऱ्यांशी चाललेला गटाराचा वाद ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा आहे. (वाद मिटला असेल तर भाऊजींना करमत नसेल, हेही मी जाणून आहे.) आम्ही खुशाल. विनया या भाड्याच्या घरातल्या ओट्याला रोज नावं ठेवते, म्हणजे तिचीही तब्येत ठीक आहे.

गोमती नगरच्या सोडतीत आपल्याला फ्लॅट लागला, हे तुला कळवलं होतंच. आता ऑक्टोबरअखेर बँकेचं मंजुरीपत्र दिलं नाही, तर तो पुढच्या माणसाला जाणार. आणि मी तर जानेवारीत संस्थेतली नोकरी सोडून बसलेला. त्यामुळे बँकेच्या अर्जातला पहिलाच प्रश्न, आपण काय करता, हा मला मोठा कुतूहलाचा वाटला. कारण तो अर्ज भरेपर्यंत मलाही ते नीटसं ठाऊक नव्हतं. दिवसा मी सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतो (संस्थेतही तेच करत होतो, पण तिथे दुरुस्तीपेक्षा दुरुस्तीच्या परवानगीतच दिवस जायचा). संध्याकाळी छावणीतल्या मराठी फौजींच्या मुलांना मराठी शिकवतो. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तरं देतात आणि दोन्ही पक्ष समाधानी असतात. आणि तिसरं म्हणजे पूजा. बाबांनी रागावून रागावून पाठ करून घेतलेली सत्यनारायणाची कथा अशी कामाला येईल असं तुला तरी वाटलं होतं का? पण मराठीतून कथा सांगणारा या भागात मी एकटाच. बाबांचाच मुलगा, म्हणून तिन्ही उत्पन्नं खरीखरी लिहिली. रकाना पुरला नाही, तेव्हा पूजा वडिलांच्या नावाच्या जागेत गेल्या.

कर्ज पाहणारे रस्तोगीसाहेब फार अदबशीर गृहस्थ. नकार द्यायचा तोही आधी पाणी विचारून. मायक्रोस्कोप आणि शिकवणी त्यांनी भराभर वाचली, पण दक्षिणेपाशी त्यांची मान थांबली. श्रावणातला आकडा धरून त्यांनी पेन्सिलीने वर्षाचा हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा खुलला. तेव्हा मीच सांगितलं की पितृपक्षात पूजा नसते आणि पौष तर कोराच जातो. (विनयाने टेबलाखालून माझा समजून पाय दाबला. तो रस्तोगीसाहेबांचा होता, हे नंतर कळलं.) साहेबांनी शांतपणे खोडरबर काढलं.

मग त्यांना गिऱ्हाइकांचे दाखले हवे झाले. छावणीतले सुभेदार जयसिंग यांनी मोठ्या प्रेमाने लिहून दिलं: पूजा वेळेवर झाली, आरती खड्या आवाजात झाली, प्रसाद पुरला, फळ अद्याप मिळालेले नाही. (त्यांना बढती हवी आहे.) साहेबांनी तो दाखला हिंदीत समजावून घेतला आणि विचारात पडले. सूक्ष्मदर्शकाला मी सहा महिन्यांची गॅरंटी देतो, हे अर्जात वरच लिहिलेलं होतं. "और पंडितजी, कथा की कितनी?" त्यांनी विचारलं. फळ मिळालं नाही तर दक्षिणा परत करावी लागते का, हे बँकेला माहीत असायला हवं म्हणाले. ताई, थट्टा नव्हती त्यात. आणि तीन आठवडे झाले, मीही तोच विचार करतो आहे.

शेवटी ते धंद्याची जागा बघायला म्हणून अनंत चतुर्दशीच्या आधी एका पूजेलाच आले. डोक्यावर रुमाल टाकून पाचही अध्याय ऐकले, शिरा दोनदा घेतला, आणि अहवालात लिहिलं: जागा, दर वेळी यजमानाची. माल, पोथी एक. शिल्लक माल, शून्य. एकंदरीत गंमत चालली आहे, तू काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
चंद्रहास

ता. क. भाऊजींना हे पत्र वाचून दाखवू नकोस. नोकरी सोडली तेव्हा ते स्टेशनवर जे बोलले, ते पुन्हा बोलतील.

ता. क. दुसरा. दाखव, पण जेवण झाल्यावर. बँकेला पक्की नोकरी असलेला जामीन हवा आहे. फॉर्म सोबत आहे, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या आहेत. 'अर्जदाराबद्दल मत' हा रकाना बोटभरच आहे. त्यात मावेल तेवढंच मत त्यांनी लिहावं.

ता. क. तिसरा. हे विनयालाही सांगितलेलं नाही. संस्थेने मला परत बोलावलं आहे, एक तारखेपासून. पगाराचं पत्र दाखवलं तर जामीनही नको, असं रस्तोगीसाहेब म्हणाले. ते पत्र गेले आठ दिवस माझ्या पोथीत आहे. घर दोन्ही तऱ्हांनी होईल, ताई. पण हे आठ महिने मला फार आवडले गं. भाऊजींना सही करायची नसेल तर राग नाही, फक्त लवकर कळव, म्हणजे संस्थेत न्यायचा डबा घासून ठेवतो.