मयताच्या उशाची सरकारी घंटा

एबोनम, गोल्ड कोस्ट
मंगळवार (समुद्राचा सुट्टीचा वार, होड्या वाळूवर, म्हणून निवांत)

तीर्थरूप दादास अरबाचा वाकून नमस्कार. कुमासीच्या लोहारभट्टीपुढे तुझे डोळे शाबूत असतील आणि वहिनीचा गुडघा वाकत असेल, अशी आशा आहे. माझं विचारशील तर दोन वेळा मक्याचं केंके आणि मासळी पोटात जाते. चव लागत नाही, पण ती तक्रार सरकारकडे नेण्यासारखी नाही.

तक्रार आहे ती सरकारचीच. ह्यांना जाऊन सात महिने झाले. (बावीस वर्षं हे सरकारी दवंडी पिटत होते. अक्षर येत नव्हतं, म्हणून हुकूम मी वाचून पाठ करून घेत असे. म्हणजे गावात सरकार बोलायचं ते माझ्याच तोंडचं. त्याचा पगार मला कुणी दिला नाही.) तर गेल्या आठवड्यात चार हमालांच्या झोळीत पडून हिशेब-तपासनीस विटकोम साहेब आला. बरोबर आपल्यातलाच कारकून क्वान्सा. वही उघडून पहिलाच प्रश्न: दवंडीची लोखंडी घंटा, नग एक, कुठे आहे?

मी सांगितलं, माणसाची हत्यारं माणसाबरोबर जातात. सुताराबरोबर रंधा जातो, कोळ्याबरोबर जाळं विणायची सुई, तशी ह्यांच्या उशाला घंटा. एवढं शेंबड्या पोराला कळतं. साहेबाने बराच वेळ विचार करून लिहिलं: घंटा शिल्लक, ठेवण्याची जागा कबर. आणि मग म्हणे, गोदामातला माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही होत नाही.

क्वान्सा मान खाली घालून म्हणाला, "काकू, साहेब विचारतात, नेताना मयताने पावती दिली होती का?"

"देणार होते रे, पण त्या दिवशी जरा घाईत होते."

तेही लिहून घेतलं!

ह्यांच्या मावशीने काठी आपटली. "कबर उघडायची तर पूर्वजांना मेंढा आणि रम लागते. ती काय तुझा बाप देणार?" साहेबाने तीन दुकानांतून रमचे भाव मागवले. दादा, मी मिळेल ते वाचत आले, मासळी बांधून आलेलं गॅझेटसुद्धा. पण इतका शिकलेला मूर्ख मला छापील कागदावरही भेटला नाही. या किनाऱ्यावरून एवढं सोनं गेलं, ते यांच्या नजरेतून सुटतं. घंटा सुटत नाही. पंधरवड्याने तिघे अधिकारी फावडी घेऊन येणार आहेत. ज्याने घसा फोडून यांचे हुकूम ओरडले, त्याला आता पडूही द्यायचं नाही.

वहिनीला गुडघ्याला शेक द्यायला सांग.

तुझी बहीण,
अरबा

ता. क. घंटा कबरीत नाही. मावशीने ती कापडात गुंडाळली होती. पुरण्याआधी मी ती काढून घेतली आणि कापडात माझी जुनी लोखंडी पळी ठेवली. घंटा माझ्या पेटीत आहे, ह्यांच्या कपड्यांखाली. कबर उघडली तर सगळ्यांदेखत पळी निघेल, आणि मयताला फसवलं म्हणून मावशी मला घराबाहेर काढेल. काढलं तरी घंटा देववणार नाही.

आणखी एक. तशीच एक घंटा ठोकून लगेच पाठव. वीतभर, उजवी कड चेपलेली. खाऱ्या पाण्यात गंजवायचं मी बघते. साहेबाला सांगेन, घरातच सापडली, कबर उघडायला नको. मावशीला सांगेन, साहेबाला गंडवायला दादाने नवी पाठवली. ती तर खूशच होईल. खरं काय ते तुला आणि मला. आवाज मात्र जुळवत बसू नकोस. तो साहेबाच्या वहीत नाही. तो माझ्याकडेच राहू दे.