व्हय काय नाव आसा?

आये, घरात तुला हीच हाक मारायचे आणि दवाखान्याची पायरी चढले की सिस्टर. आज त्यातल्या कुठल्या तुला लिहितेय, ते माझं मलाच कळत नाहीय. तू गेल्याला इतकी वर्षं झाली. तुझ्या साड्या वाटून झाल्या, माडाखालचं न्हाणीघर पाडून तिथे पाण्याची टाकी बसवली. पण खाटेवर पडल्या पडल्या तू शेवटी मला जे उत्तर दिलंस, ते काही डोक्यातून जात नाही. ते देताना तू मला ओळखलं होतंस की नाही, एवढंच मला कळायला हवंय. बाकीचं सगळं मी केव्हाच सोडून दिलंय.

लहानपणी समुद्रकाठच्या खडपावर कालवं काढायला गेले आणि पाय कापून घेतला, ते आठवतं का तुला? शेजारणीने रिक्षात घालून मला मालवणच्या बाजारामागे तुझ्या दवाखान्यात आणलं. माझा फ्रॉक रक्ताने भरलेला, आणि तू हातात ट्रे घेऊन समोर उभी. मला वाटलं, आता तू ट्रे टाकून मला उचलून घेशील. तू म्हणालीस, "नाव सांग." मी हुंदके देत म्हटलं, "आये, मी." "मी म्हणजे कोण? पुरा नाव सांग." बाबांच्या नावासकट पुरं नाव सांगितलं तेव्हा कुठे तू धनुर्वाताची सुई टोचलीस. सुई मला दुखलीच नाही. माझ्या आवशीने मला ओळखलं नाही, हे दुखलं. संध्याकाळी तू पानात सुरमईची तुकडी वाढलीस तरी मी तुझ्याशी बोलले नाही. तूही समजूत काढली नाहीस.

आपल्या गावात नाव विचारणं म्हणजे अपमानच की. सगळे एकमेकांच्या सोयऱ्यातले, नाहीतर शेजारचे. त्यात तुझी ही तऱ्हा. जिच्याकडून सकाळी मासे घेतलेस ती दुपारी सुई घ्यायला आली, तर तिलाही तेच. ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "गो, सकाळी माझ्याकडचे बांगडे घासाघीस करून घेतलंस, आणि आता माका नाव इचारतंस?" सगळी ओपीडी हसत होती. तू शांतपणे म्हणालीस, "सांग, नायतर ही सुई परत कपाटात." बाजारात तुझ्या नकला व्हायच्या. मलाही लाज वाटायची.

मग मी कुडाळला वैद्यकीय सहायकाचा कोर्स केला आणि तुझ्याच हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी तू बजावलंस, "घरात आवस. हंय सिस्टर." वर्गात शिकवलं होतंच, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मला वाटायचं, यातलं पहिलं सगळ्यात सोपं. औषधांची नावं एकमेकींच्या जुळ्या बहिणींसारखी, त्यांची धास्ती वाटायची. माणसं तर काय, ओळखीचीच. एकदा एका म्हाताऱ्याजवळ गेले, हातातल्या केसपेपरवरचं नाव वाचलं आणि म्हटलं, "आजोबा, तुम्हीच ना हे?" त्याने मान हलवली. "व्हय." तू मागून आलीस आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातातला ट्रे काढून घेतलास. "व्हय काय नाव आसा?" तू म्हणालीस. मग त्याला विचारलंस, तर तो भलताच कुणी निघाला. माझ्या हातातला कागद ज्याचा, तो बाहेर बाकावर झोपलेला. त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की नोकरी सोडायचं ठरवून घरी आले.

तू उशिरा आलीस. सुंगटांची टोपली घेऊन बसलीस आणि अर्धी माझ्यासमोर ढकललीस. आपण सोलत बसलो. अर्धी कोळंबी सोलून झाल्यावर तू वर न बघता सांगायला लागलीस. माझ्या जन्माआधीची गोष्ट. एकाच वाडीतल्या दोन बाया एकाच वेळी दाखल होत्या, नाव एक, आडनाव एक. पेनिसिलिन द्यायचं होतं दुसऱ्या खाटेवरच्या बाईला. तू पहिल्या खाटेशी थांबलीस आणि नाव घेऊन विचारलंस, तू तीच ना? ती व्हय म्हणाली. खोटं कुठे बोलली, नाव तिचंच होतं. दुपारची पेज यायच्या आधी ती गेली. डॉक्टरांनी रिॲक्शन म्हटलं, तिच्या घरच्यांनी नशीब म्हटलं, तुला कुणी एका शब्दाने बोललं नाही. "हंयची माणसां सुईवालीक नाय म्हणत नाय गो," तू म्हणालीस. "तिच्या तोंडात ता व्हय मीच घातलंय." तेव्हापासून तू नुसतं नाव विचारून थांबत नव्हतीस, नवऱ्याचं नाव, वाडी, वय, सगळं वदवून घ्यायचीस. आणि तू तिचं पुरं नाव माझ्यासमोर उच्चारलंस, वाडीसकट. ते मी पुन्हा कधी तुझ्या तोंडून ऐकलं नाही, त्या शेवटच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी तू आमच्याच जनरल वॉर्डात आहेस. ताप उतरत नाही, इन्फेक्शन रक्तात गेलंय, मध्येच बडबडतेस, मध्येच गप्प. बाहेर लख्ख ऊन आहे. अँटिबायोटिक भरून मी तुझ्या खाटेशी येते. डॉक्टर शेजारी उभे आहेत. मी विचारते, "नाव सांगा." मी तुला अहोजाहो करते, कारण तसंच तू शिकवलंयस. आणि तू डोळे मिटलेलेच ठेवून, शहाण्या पेशंटसारखं, एका दमात तिचं नाव सांगतेस. तिच्या नवऱ्याचं. तिच्या वाडीचं.

माझा हात तिथेच थांबला. डॉक्टर नवीन होते, मुंबईकडचे. "अहो सिस्टर, तुमच्या आई आहेत ना त्या? द्या की." पण नाव जुळलं नाही तर सुई द्यायची नाही. पेशंट भानावर नसेल तर नातेवाइकाला विचारायचं. नातेवाईक कोण होतं तिथे? मीच. मग मी मलाच विचारलं आणि मीच उत्तर दिलं. जन्मात पहिल्यांदा तुझं नाव मोठ्याने घेतलं. आवशीचं नाव कोण घेतं गो?  ते ऐकून तू डोळे उघडलेस, माझ्याकडे नीट बघितलंस आणि बाजूला बोट करून म्हणालीस, "ती हंय नाय. ती त्या दुसऱ्या खाटीर."

मी सुई दिली. औषध बरोबर होतं, मात्रा बरोबर होती, शीर एका टोचण्यात मिळाली. त्यानंतर तू बोलली नाहीस आणि त्याच आठवड्यात गेलीस.

आता मी मुलींना शिकवते. इतर सगळं समजावून सांगता येतं, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या, उपाशीपोटीच्या गोळ्या, फ्रीजमध्ये ठेवायच्या लसी. पण योग्य रुग्ण म्हटलं की मी पुढचं पान उलटते. तू मला ओळखून माझी परीक्षा घेत असशील तर ते तुला शोभणारंच होतं, आणि मी त्यात पास झाले असं समजून झोपेन. पण ओळखलं नसशील, तर त्या खाटेवर तू इतकी वर्षं तिच्या जागी निजून होतीस, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. हा विचार माझ्याने सहन होत नाही, आये. मला तुझा राग येतो. शेवटचं एक वाक्य तरी माझ्यासाठी ठेवायचंस.

हा कागद कुणाला द्यायचा नाही. उद्या आंघोळीच्या पाण्याखाली नारळाच्या सोडणांबरोबर जाळून टाकीन. पण त्याआधी एक सांगते. मामाला, घरात सगळ्यांना मी सांगत आले की दुसरी खाट रिकामी होती. असेलही. तू बोट केलंस तेव्हा मी मान वळवून बघितलंच नाही.