बॅटरीवरचा हात

बाबा, तुमचा कंप पुढे माझ्याही उजव्या हातात आला. घाटावर यजमानाच्या तळहातावर पळीने पाणी घालताना तुमचा हात थरथरला आणि ते त्याच्या बाहीवर सांडलं, तो दिवस मला अजून दिसतो. "पंडितजी, ज़रा ठीक से," तो म्हणतो. तुम्ही पळी खाली ठेवता, मला तुमच्या जागी आसनावर बसवता. त्यानंतर तुम्ही श्राद्धाला कधीच बसला नाहीत.

माझ्या वेळी डॉक्टर होते. इंदूरला डोक्यात बारीक तारा घातल्या, गळ्याखाली कातडीत बॅटरी बसवली. हाताचा कंप थांबला. घाटावर मात्र वाद पेटला. थोरले गुरुजी म्हणाले, "तुझा हात आता मशीन चालवतं. मग कर्म कुणाचं?" दुसरा एक पुरोहित हसला, "फिर तो चश्मा भी उतार दो, गुरुजी!" मी पंधरवडाभर घरीच बसलो. तुमच्या नातीने मोबाईलमधल्या त्या हुशार यंत्राला विचारलं. त्याने दोन्ही बाजू नीट मांडल्या, शास्त्रातले आधार दिले आणि शेवटी सांगितलं, आपल्या गुरूंना विचारा. माझे गुरू तुम्हीच. आता विचारू कुठे?

मग नानाखेडा वस्तीतल्या एक बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी घरी आल्या. मी आधीच सगळं सांगून टाकलं, दुसरे गुरुजी बघा म्हटलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या छातीत पण मशीन होतं. अग्नी द्यायच्या आधी ते काढावं लागलं. त्याच्यावर ते नऊ वर्षं जगले, माझ्याशी भांडले, पोरीचं कन्यादान केलं. ते काय मशीनने केलं? तुम्हीच चला, गुरुजी."

मी घाटावर गेलो. त्यांच्या मुलाच्या तळहातावर पाण्याची धार सरळ पडली. बाई रडल्या. थोरले गुरुजी लांबून बघत होते. त्यांचा प्रश्न खोटा होता असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही.

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी बोलावतं. ऊन, पायऱ्या, तेच मंत्र, संध्याकाळी बॅटरी चार्जिंगला. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचवायची सोय शास्त्रातही नाही, म्हणूनच एवढं खरं लिहितो. तुम्हाला तुमच्या हाताने या कामातून सुट्टी दिली होती. ऑपरेशनला नेत होते तेव्हा घरचे देवाला साकडं घालत होते, आणि मी मनात म्हणत होतो, कंप नाही थांबला तरी चालेल.