बाजाराच्या दिवशीचं पाणी

आई, जे कुणाला सांगायचं नाही म्हणून तू माझ्याकडून शपथ घेतलीस, ते मी भर ग्रामसभेत सांगून टाकलं. सरपंच होते, गावातले झाडून सगळे बाप्ये होते, आणि बाबा मागे खांबाला टेकून बसले होते. त्या संध्याकाळपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तू असतीस तर तूही बोलली नसतीस, पण त्याआधी दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्यास. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

बाजारातली आपली जागा अजून तीच आहे. कडुनिंबाच्या अलीकडे गोणपाट अंथरून मी लिंबं मांडते. शेजारी मिरचीवाली मावशी बसते, तुझ्याच वेळची. दात गेले, जीभ शाबूत आहे. तू घरून पाण्याची कळशी आणायचीस आणि ते पाणी फक्त लिंबांवर शिंपडायचीस. ऐन उन्हाळ्यात तुझ्या ओठांना भेगा पडायच्या, पण तोंडात एक घोट जायचा नाही. मला लहानपणी ते कळायचं नाही. एकदा मी हॉटेलच्या माठातलं पाणी पोटभर प्यायले आणि थोड्या वेळानं चुळबुळ करायला लागले. तू पाठीत धपाटा घातलास. "बाजाराच्या दिशी पानी ढोसतीस? आता कुटं नेऊ तुला?" मग टेम्पोंच्या रांगेमागे मी बसले आहे, तू पदर पसरून आडोसा धरून उभी आहेस, आणि टेम्पोवाले दात काढतायत. हे मला आत्ता लिहितानाही दिसतं.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटानं ठरवलं, ग्रामपंचायतीच्या पुढच्या बजेटात बाजारतळावर बायांसाठी शौचालय धरायलाच लावायचं. दर बाजारी आमची पावती फाडता, मग आमची सोय नको? तसा अर्ज दिला. पण तरुण मंडळाचाही अर्ज होता. त्यांना वेशीत कमान हवी होती, वर रंगीत दिवे. पैसा एकाच कामापुरता. सरपंच मोठे गोड बोलले, "ताई, तुमचा विषय शेवटी घेऊ." त्यांचा डाव न कळायला आम्ही काही दूधखुळ्या नाही. दिवस कलला की बाया धारा काढायला उठणार आणि कमान मंजूर होणार. आम्ही जागच्या हललो नाही. रस्त्याचा विषय झाला, गटारीचा झाला, चहा फिरला. मावशीनं कप परत केला. "आमी बाजारकरनी हाय. दिसभर बसायची सवय हाय आमाला," ती म्हणाली. मग कुठल्याच बाईनं ना चहा घेतला ना पाणी. उठावं लागलं तर विषय हातचा जायचा. मला हसू येत होतं आणि संतापही येत होता.

शेवटी एकदाचा विषय निघाला. मागे पोरांची खुसखुस सुरू झाली. एकानं तर मोबाईल काढून शूटिंगच लावलं. पुढच्या खुर्चीतले एक जाणते गृहस्थ टोपी सावरत उठले. "इतकी वर्सं बाया बाजार करत्यात. आजवर कुनाचं काय अडलं का? कमान झाली तर गावाची शोभा तरी वाढंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच कमानीसाठी हात वर करायला सांगणार, तेवढ्यात मी उभी राहिले.

"माझ्या आईचं अडलं," मी म्हणाले. "ती तापानं गेली न्हाई. लघवी दाबून दाबून तिच्या किडन्या गेल्या. नगरच्या डॉक्टरनं विचारलं, किती वेळ दाबून धरता, तर तिनं लाजंनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला म्हनली, गावात इचारलं तर तापाचं नाव सांग. मी आजपातूर तेच सांगत आले."

मोबाईलवाल्या पोरानं हात खाली घेतला. मग मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "मलाबी त्योच तरास हाय. माझ्या सुनंलाबी हाय. आनखी कुना कुनाला हाय गं? करा हात वर." आणि हात वर झाले, आई. ज्या बायांना मी रोज बघते, ज्यांच्याशी भावावरून भांडते, त्यांचे हात. ठराव अजून कुणी वाचलाही नव्हता. सरपंचांनी त्या हातांकडे पाहिलं आणि ग्रामसेवकाला खालच्या आवाजात म्हणाले, "घ्या लिहून." कमान पुढच्या साली बघू, असं ठरलं.

बाबा तोवर उठून गेले होते. मी घरी आले तर ते ओसरीवर बसलेले. "मेल्या मानसाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस," एवढंच बोलले. मला त्यांचा राग येतो. दर बाजारी टेम्पोंमागे तुझी अब्रू जात होती, तेव्हा कुणाला तिची काळजी नव्हती. तरी तुझी शपथ मोडली याचं वाईट वाटतंच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन, हेही सांगून ठेवते.

आज बाजार होता आणि बाजारतळावर बांधलेल्या बायांच्या शौचालयाचं कुलूप आज पहिल्यांदा निघालं. आत नळ आहे, बादली आहे, दाराला कडी आहे. पहिला मान मावशीचा. बाहेर येऊन तिनं सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "आतनं कडी लागती गं!" मीही मोठ्या ऐटीत घरून कळशी भरून नेली होती, आज पोटभर पाणी प्यायचं म्हणून. हे पत्र कुठल्या टपालात पडणार नाही, तेव्हा तुला खरं सांगायला हरकत नाही. बाजार उठताना कळशी उचलली तर ती रिकामी होती. लिंबं मात्र ओली होती, आणि माझ्या तोंडाला दिवसभर कोरड पडलेली होती.