सोट्यावरचा डाग

चिपळूण,
४ मार्च २०२५

चि. सौ. लतिका हिस शुभदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. सोटा स्किपोलच्या विमानतळावर कुणी अडवला नाही ना? गोधडीत गुंडाळून बॅगेत कोंबताना तू विचारलंस, की आजोबांची आठवण मी अशी घराबाहेर का काढते आहे. फोनवर बोलायचं तर तुझा बाप शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र.

माझे बाबा खलाशी होते, हे तुला ठाऊक आहे. १९५२ साली पहिल्याच सफरीत डर्बनच्या गोदीत मारामारी झाली, तिथला एक माणूस गेला आणि बाबा त्या घोळक्यात होते. हे बाबांच्या बोटीवरच्या रवींद्रकाकांनी मला बाबांचं तेरावं झाल्यावर सांगितलं. सोटाही त्याच मारामारीतला, म्हणाले. टोकाच्या गोल गाठीवरचा काळपट लाल डाग तू पाहिलासच. बाबा तो धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायचे. लग्नानंतर माहेरी आले असता एकदा मी पुसायला घेतला, तर हातातून काढून घेतला. पुसायचा नाही, एवढंच म्हणाले.

वीस वर्षं मी त्यांच्या फोटोला हार घालते आणि मनात पाल चुकचुकते. माझ्या बाबांनी माणूस मारला का, एवढंच मला कळायला हवं. तिकडे अशा जुन्या वस्तूंचे जाणकार असतात म्हणालीस, तर दाखव. असेल ते खरं लिही, मला जपू नकोस.

प्रतीकरावांना आशीर्वाद, मृण्मयीला पापा. इथे माया आहेच, तिथूनही असू दे.

तुझी आत्या,
शुभदा

न्यूनेन,
६ एप्रिल २०२५

ती. शुभदाआत्यास लतिकाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी खाली बस आणि पाणी पी. आजोबांनी या सोट्याने कुणालाही मारलेलं नाही.

जाणकार नायमेखनला राहतात, नाव योस, वय पंच्याहत्तर. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली, कॉफीबरोबर बिस्किट एकच मिळालं, पण माणूस सोन्यासारखा. दोन तास भिंग लावून बसले. गाठ आणि दांडा एकाच लाकडाचे, घडण डर्बनकडच्या झुलू लोकांची. दांड्यावरची रंगीत वीण म्हणजे टेलिफोनची प्लॅस्टिकवाली तार. बंदरातले वॉचमन पहाऱ्यावर बसून उरलेल्या तुकड्यांची अशी वीण घालायचे. तार मागाहून घातली असेल, अशी शंका मी काढली. त्यांनी एक टोक सैल करून दाखवलं. खालचं लाकूड कोरं होतं, हाताची झीज नाहीच. म्हणजे सोटा आणि वीण एकाच वेळची, आणि या सोट्यावरची तार साठ सालाच्या आधीची नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. बावन्न साली तुझा सोटा झाडावरच होता, आत्या! काकांनी दोन गोष्टींची एकच करून टाकली.

मारामारीत आजोबांनी काय केलं, ते लाकूड सांगत नाही. पण गाठीवर घावाची एकही खूण नाही. डागाचं कोडं मात्र योसना सुटेना. मी कडेला नख लावलं, तर आत केशरी. शेंदूर आहे तो, तेलात कालवलेला. कुणीतरी मारुतीची गदा म्हणून पुजलेला दिसतो. थरात बोटांचे इवले ठसे आहेत. आमच्या सहा वर्षांच्या मृण्मयीने बोट ठेवून पाहिलं, नेमकं बसलं. कुणाची ही कामगिरी?

कळव. लोभ आहेच, थोडा त्या सोट्यावरही असू दे.

तुझी,
लतिका

चिपळूण,
२४ एप्रिल २०२५

चि. सौ. लतिका हिस अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग पायरीवर बसून मनसोक्त रडले. फार हलकं वाटलं गं. तुझ्या बापाला, अरुणलाही सगळं सांगून टाकलं. वीस वर्षं एकटीच कुढत बसलीस म्हणून तो माझ्यावरच चिडला.

ती बोटं माझी आहेत. त्रेसष्ट साली तुझ्या बापाचा जन्म व्हायचा होता, घरात मूल मी एकटीच, सहा वर्षांची. बाबा सोटा घरी ठेवून पुन्हा बोटीवर गेले आणि आठ महिने त्यांचं पत्र आलं नाही. आईने, म्हणजे तुझ्या लीलावती आजीने, तो देवघरात उभा केला. दर शनिवारी माझं बोट धरून त्याला शेंदूर लावायची, बाबा सुखरूप यावेत म्हणून. तेलकट हात मी फ्रॉकला पुसायचे आणि धपाटा खायचे. हे सगळं तुझ्या पत्राने आठवलं. बाबा आले आणि मी विसरून गेले.

ते विसरले नव्हते. त्या फडक्यात ते काय जपत होते, ते मला आज कळलं.

मृण्मयीच्या त्या बोटाला माझा पापा. अशीच माया ठेव.

तुझी आत्या,
शुभदा

ता. क. मे महिन्यात येताना सोटा घेऊन ये. पुसायचा नाही.