पानांमागचा तांबेरा

दादा,

माझं तोंड बघणार नाही म्हणालास, म्हणून लिहितेय. माझ्या पॉप्लरच्या झाडांना तांबेरा लागलाय. पानामागे बोट फिरवलं की केशरी पूड निघते. पानं अवेळी गळतायत, खोडं पोसतच नाहीत. प्लायवूडवाला म्हणाला, "बाई, ही खोडं की काठ्या?"

आपण दोघांनीही बाबांच्या त्या एकाच सरळसोट झाडाची कलमं लावली. दुसरी जात नकोच म्हणालो. आता एकाला लागला की सगळ्यांना लागणार. तुझी पानं आजच उलटून बघ.

आत्ता लक्ष गेलं, या कागदावर माझ्या बोटांचे केशरी ठसे उमटलेत! पाकिटात घालून रोग तुझ्या दारात कसा धाडू? पत्र चुलीत टाकते आणि फोन लावते. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण उचल.

तुझीच,
धाकटी